कोपऱ्यातला अंगठा

बाबा गेल्यापासून त्यांनी काढलेले फोटो पेन ड्राइव्हमध्ये नुसते पडून होते. आईला बसल्या बसल्या बघता यावेत म्हणून लेकीनं एका दुपारी ते टॅबलेटमध्ये घेतले.

बाबांनी फोटो काढला आणि कोपऱ्यात त्यांचा अंगठा आला नाही, असं कधी झालंच नाही. नख दारात सापडून काळं पडलेलं. आई दर वेळी करवादायची, "अहो, अंगठा काढा!"

"बघ, इथंही आहेच," लेक हसून म्हणाली.

आई हसली नाही. "अगं, हा तुझ्या मामानं काढलेला. यात ते स्वतःच उभे आहेत."

बाबा हाताची घडी घालून उभे होते. कोपऱ्यात काळ्या नखाचा अंगठा होता.

लेकीनं घाईघाईनं पुढचा फोटो लावला. फोटो बदलला, अंगठा जागचा हलला नाही. तिनं बाहीनं काच खसाखसा पुसली. शेवटी टॅबलेटच बंद केला.

काळ्या काचेत दोघींचे चेहरे दिसत होते. कोपऱ्यात अंगठाही होता.

आईच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "अहो, अंगठा काढा ना."

अंगठा निमूटपणे बाजूला झाला.