खाटेखालचे शब्द

बेबीने जेवणाच्या टेबलावर चादर पसरली आणि खोक्यातले ठोकळे त्यावर ओतले. एवढा खळखळाट झाला, तरी खिडकीपाशी बसलेल्या दादाने मान वळवली नाही.

"दीपगृह करतेय," ती म्हणाली. "चांगलं हातभर उंच होईल. बघशील ना?"

"तेच ते," दादा म्हणाला.

अर्धांगाच्या झटक्यानंतर त्याच्याकडे एवढंच उरलं होतं. भूक लागली, तेच ते. झोप आली, तेच ते. फळबाजारात लिलाव पुकारणारा माणूस हा. घरी आला तरी तोंडाला कुलूप म्हणून नसायचं. आता काही मागायचं झालं की तो ओठ जुळवायचा, घामाघूम व्हायचा आणि बाहेर पडायचं ते तेच ते. मग स्वतःवरच चिडून खिडकीकडे तोंड फिरवायचा. बोलणं शिकवायला येणाऱ्या बाई चित्रं दाखवून दमल्या होत्या. कप, चावी, छत्री. दादा त्या चित्रांकडे असा बघायचा, जणू ओळखीचं कुणी रस्त्यात भेटलंय आणि नाव काही केल्या आठवत नाही.

बेबी कवळ्या बनवायची. पन्नाशी उलटली, केस पिकले, तरी घरात ती बेबीच. दिवसभर दुसऱ्यांचे दात घडवून कंटाळलेली ती एका संध्याकाळी खेळण्यांच्या दुकानात शिरली होती. "मूल किती वर्षांचं?" दुकानदाराने विचारलं. "बावन्न," असं सांगून ती ठोकळ्यांचा खोका काखोटीला मारून बाहेर पडली, आणि तेव्हापासून तिला वेडच लागलं. तिच्यासारखी आणखी चार खुळी मोठी माणसं भेटली. कुठल्या ठोकळ्याला काय म्हणायचं, ही त्यांची भाषा ती शिकली. प्लेट, टाईल, दोन बाय चार. सुट्टीच्या दिवशी भावाकडे यायची तीही खोका घेऊनच. गप्पा आता होत नव्हत्या, निदान हात रिकामे नसायचे.

बुरूज चढत गेला. पांढरा, लाल, पुन्हा पांढरा. तिची बोटं ढिगात खळखळ करत फिरत होती. ह्याच आवाजाने लहानपणी आईची दुपारची झोप मोडायची आणि दोघांच्या पाठीत धपाटे बसायचे.

"एक बाय चारची टाईल," ती स्वतःशीच पुटपुटली. "पांढरी. आत्ता तर इथे होती."

"बिस्कीट," दादा म्हणाला.

स्वयंपाकघरात काहीतरी खाली पडलं. वहिनी ओल्या हातांनीच दारात आल्या. "काय म्हणालात? बिस्कीट?" उत्तराला न थांबता त्या आत पळाल्या आणि बशीत मावणार नाहीत एवढी बिस्किटं घेऊन आल्या. "घ्या. हवी तेवढी घ्या हो." त्यांचे डोळे भरून आले होते.

दादाने बशी ढकलली. "तेच ते!" तो ओरडला. डावा हात टेबलाकडे करून पुन्हा ओरडला, "तेच ते!"

वहिनींचा चेहरा उतरला. "भलताच शब्द आला तोंडात," त्या हळूच म्हणाल्या. "मला वाटलं..."

बेबी मात्र त्याच्या बोटाच्या रोखाने बघत होती. चादरीच्या चुणीत एक चपटा, पांढरा तुकडा अडकला होता.

अगं बाई, बिस्कीटच की! टाईल कधी म्हणत होतो आपण? खाटेखाली पालथं पडून, चादर खाली ओढून दोघांची घरं बांधणं चालायचं. 'बिस्कीट टाक इकडे.' 'नाही, माझं छप्पर राहिलंय.' हे सगळं तिच्या डोक्यातून पार पुसून गेलं होतं.

तिने सगळ्यात छोटा ठोकळा त्याच्यापुढे धरला. "दादा, हा?"

"दाणा."

तिने उतरता ठोकळा उचलला.

"घस... घसर..." दादाने श्वास घेतला. "गुंडी."

मग तिने दीपगृहाच्या दिव्यासाठी जपून ठेवलेला पारदर्शक तुकडा उचलला. ह्याचं नाव तिलाच आठवेना. दादा तिच्याकडे बघत राहिला. वर्गात उत्तर येणाऱ्या पोरासारखा त्याचा चेहरा खुलला.

"बर्फ," तो म्हणाला.

"बर्फ!" बेबी किंचाळली, हसायला लागली आणि हसता हसता तिने पदराने डोळे पुसले.

वहिनी बशी धरून तशाच उभ्या होत्या. "हे कुठले शब्द?"

"आमच्या खाटेखालचे."

"इतकी वर्षं संसार केला," वहिनी नवऱ्याला म्हणाल्या, "बाजारातली गाढवंसुद्धा मला नावानिशी ठाऊक झाली. आणि हे कधी सांगितलं नाहीत?" रागावल्या नव्हत्या, पण आवाज जरा पडला होता. त्यांनी ढिगातून जबड्यासारखा एक तुकडा उचलला. "ह्याला काय म्हणायचात?"

भाऊ-बहीण एकमेकांकडे बघू लागले.

"हा आमच्या वेळी नव्हता, वहिनी," बेबी म्हणाली. "ह्याला नाव नाही."

वहिनींनी तो जबडा उघडला, मिटला. टक. पुन्हा उघडला.

"बेडूक," त्या म्हणाल्या.

दादाने तो त्यांच्या हातातून घेतला. उलटा केला, सुलटा केला. "तेच..." त्याने सुरुवात केली आणि तोंड मिटून घेतलं. त्याने बायकोकडे पाहिलं.

"बेडूक."

वहिनींनी बशी बाजूला ठेवली, खुर्ची पुढे ओढली आणि ढिगातला दुसरा तुकडा उचलला.