पारूनं काढलेलं घर

"हे कुणाचं घर काढलंस?" साधनाबाईंनी कागद वर धरून विचारलं, तशी सातवीच्या वर्गातली सगळी डोकी त्या कागदाकडे वळली.

पारू उभी राहिली. "माजं, बाई."

मागच्या तरटपट्टीवर खसखस पिकली. "पारे, खोटं काहून बोलून राहिली? तुह्या घराला ओसरी कुठंय?" कुणीतरी पोरगं ओरडलं.

बाईंना मात्र वाईट वाटलं. पारूवर त्यांचा जीव होता. गावातली शाळा सातवीपर्यंतच. हिंगोली जिल्हा होऊन वर्षही झालं नव्हतं, पण आठवी होती तिथंच राहिली, शिरड शहापूरला, पायी तासाभराच्या वाटेवर. त्या वाटेनं पारूनं जावं, असं बाईंनी मनावर घेतलं होतं. त्यासाठी त्या तिच्या घरीही जाऊन आल्या होत्या. तिच्या बापानं, नामाजीनं, मेंढरं कोंडता कोंडता सगळं ऐकून घेतलं. आईनं शेळीच्या दुधाचा चहा केला. शेवटी नामाजी म्हणाला, "बघू की बाई, परीक्षा तर होऊ द्या." बाईंनी तो होकार धरला आणि हलक्या मनानं जीपमध्ये बसून त्या हिंगोलीला परतल्या.

पोरगी होतीच तशी. नकाशातला एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर दोन मीटर, इथपर्यंत वर्गाला कळायचं. मग नकाशातला एक चौरस सेंटिमीटर म्हणजे किती, असं विचारलं की सगळे एका सुरात ओरडायचे, "दोन!" बाईंनी फळा भरला, खडू झिजवले, शेवटी डोकं धरून बसल्या. तेव्हा पारू उठली होती. "चार, बाई. घर लांबीला दुप्पट न् रुंदीला बी दुप्पट झालं, तर सारवायला शेन चौपट लागतंय." पोरींना ते लगेच पटलं. सारवण रोजचं त्यांच्याच वाट्याला. पोरांनाही मग हळूहळू उमगलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत बाईंना हे सुचलं नव्हतं, आणि त्या दिवशी त्या भलत्याच खूश होत्या.

म्हणून त्यांनी सांगितलं, आपापल्या घराचा नकाशा काढून आणा. टेप नसेल तर पावलांनी मोजा, एक पाऊल केवढं ते आधी पट्टीनं बघून घ्या.

आणि पारूनं हे आणलं होतं. आठ मीटर लांब ओसरी, वेगळं स्वयंपाकघर, परसात हौद. ओसरीचं क्षेत्रफळ चोवीस चौरस मीटर, स्वयंपाकघराचं बारा. हिशेबात कुठंही खोट नव्हती. पण नामाजीचं घर बाईंनी डोळ्यांनी पाहिलं होतं. पत्र्याची एक खोली आणि तिला टेकून मेंढरांचा वाडा, एवढंच होतं ते.

"घर लहान असलं म्हणून लाजायचं नसतं, पारू," बाई जरा कडकच बोलल्या. "आहे ते काढायचं. मनातलं नाही."

त्यांनी कागदावर लाल फुली मारली. मारताना जिवावर आलं, पण गणितात थापा खपवून घ्यायच्या नाहीत, असं त्यांनी स्वतःला बजावलं. पारू त्या फुलीकडे बघत राहिली.

तेवढ्यात बाईंचं लक्ष कागदाच्या कोपऱ्यात गेलं. स्वयंपाकघराला लागून आणखी एक खोली होती. तिला दार होतं. दाराच्या दोन्ही बाजूंनी भिंतीच्या रेघा थोड्या पुढं जाऊन थांबल्या होत्या. मागची भिंत नव्हती आणि मापही नव्हतं.

"आणि ही अर्धीच का? इथं थाप सुचली नाही?"

"थाप न्हाई, बाई." पारूचा आवाज रोज उत्तर सांगताना असायचा तसाच होता. "आई न् आबा आयतवारी बघून आले ते घर. आईला मीच सांगून धाडलं व्हतं, तुमी शिकवलं तसं पावलं मोजून ये म्हनून. आबा म्हनले, परीक्षा झाली की आता त्येच तुजं घर."

वर्गातलं हसू थांबलं. बाईंचं बोट अजून त्या अर्ध्या खोलीवरच होतं.

"ती खोली त्यांच्या लेकाची हाय," पारू म्हणाली. "आईला आत जाऊ देलं न्हाई. तिचं माप मी गेल्यावर घीन."