थंड अंगाचं पोर

गंगीने आपल्या पोराला, लडक्याला, पदरात गुंडाळलं आणि दवाखान्यातल्या वॉर्डाच्या दाराकडे चालू लागली. वर्षा सिस्टर दारातच आडवी उभी राहिली. सकाळपासूनची ही तिसरी खेप.

गंगीचं म्हणणं साधं होतं. आठ दिवस झाले इथे येऊन, आता पुरे. उद्या उधवा गावातून मजुरांना वीटभट्टीवर नेणारा ट्रक सुटणार, नवरा खोळंबलाय. आणि पोराला झालंय काय? ना रडतं, ना तापतं. अख्ख्या पाड्यात असं गुणी पोर नाही!

दीड वर्षाचं ते गुणी पोर काट्यावर जेमतेम साडेपाच किलो भरलं होतं.

तापाची गंगीला धास्तीच होती. थोरली शितल गेल्या साली तापाने फणफणली, चौथ्या दिवशी तिला आकडी आली आणि गेलीच. मेंदूला सूज आली, असं डॉक्टर म्हणाले होते. तेव्हापासून गंगी दिवसातून दहादा लडक्याच्या कपाळाला हात लावायची. गार लागलं की तिच्या जिवात जीव यायचा.

सिस्टरने पहिल्या दिवसापासून सांगितलं होतं, पोराची छाती कफाने भरलीय, आत रोग आहे. गंगीला ते पटेना. शेवटी सिस्टर म्हणाली, "अगं, घरात चोर शिरला आणि कुत्रं भुंकलं नाही, तर ते कुत्रं गुणी म्हणायचं की उपाशी?"

गंगीला राग आला. पण दुपारचं दूध तेवढं पाजून जा, असं सिस्टरने विनवलं, म्हणून ती पुन्हा खाटेवर टेकली.

अर्धी वाटी दूध पोटात गेलं असेल नसेल, गंगीचा हात सवयीने कपाळावर गेला आणि चटकन मागे आला. कपाळ तापलं होतं. डोळ्यांपुढे शितल उभी राहिली. गंगीच्या हाका ऐकून सिस्टर धावत आली, थर्मामीटर लावला. एकशे एक. सिस्टरने आकडा दोनदा वाचला आणि चक्क हसली.

पोर तापलंय आणि ही बया हसतेय! गंगीला तिच्या झिंज्या उपटाव्याशा वाटल्या.

सिस्टर तिच्याजवळ बसली. म्हणाली, "हा ताप रोगाचा नाही, गंगी. रोगाशी लढायला याच्या अंगाने काढलाय. आजवर लढायलाच ताकद नव्हती, आठ दिवसांच्या दुधाने ती आली. शितलची लढाई डोक्यात शिरली. याची शिरू नये म्हणून औषध चालू आहे, आणि मी डोळ्यांत तेल घालून बघतेय."

तेवढ्यात लडक्याने तोंड वाकडं केलं आणि असं भोकाड पसरलं की अख्खा वॉर्ड वळून बघू लागला. गंगी रडता रडता हसली. मग तिने सिस्टरचा मोबाईल मागून नवऱ्याला फोन लावला.

"तू हो पुढे भट्टीवर, मी इथेच राहते," ती म्हणाली. "पोराला ताप आलाय. आता ते जगणार."