आकाश दिसलं की

गिऱ्हाईक पायरी चढतानाच दुकानदार त्याचं माप काढत असे. या बाई अर्धा तास डोकं खाऊन शेवटी ‘यांना विचारून येते’ म्हणणार, हे त्याने मनात ठरवूनही टाकलं. लॅपटॉपवरच्या नकाशाला जोडायचा जीपीएस त्यांना हवा होता. चार मांडून झाले.

“हा घ्या, वहिनी. मिनिटभरात उपग्रह पकडतो.”

“पाण्यावर चालेल?”

“बुडाला तरी चालेल. आधीचा आहे का एखादा?”

बाईंनी पिशवीतून घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा काढला. आत जुना जीपीएस होता. दुकानदाराने तो लॅपटॉपला जोडला आणि त्याला हसू आलं. दुकान भर बाजारात आणि नकाशावरचा ठिपका तलावाच्या मधोमध.

“बंद पडला तिथली जागा धरून बसलाय अजून. दारात नेतो, आकाश दिसलं की येईल ताळ्यावर. मग नवा कशाला घेता? नुकसान माझंच, पण खरं ते सांगतो.”

तो उठला, तशी बाईंनी त्याचं मनगट धरलं.

“दारात नको. यांची नाव रिकामीच काठाला लागली. आत एवढाच सापडला, बंद पडलेला.”

दुकानदार खाली बसला. “मग... त्या जागेचे आकडे लिहून देऊ?”

“पाठ आहेत. तिथवर जायलाच नवा हवाय.” बाईंनी जुना अलगद डब्यात ठेवला आणि झाकण दाबलं. “हा उघड्यावर नेला की ठिपका हलेल. आणि मी येईपर्यंत हलू नका, असं सांगून ठेवलंय यांना.”