रांग नसलेलं शहर

लिफ्ट आली, नेहमीसारखीच रिकामी. मालिनीबाई आत न शिरताच घरात परतल्या.

शहरात घरोघरी भिंतीवर एक डबी होती. प्रत्येक डबी आपल्या घरापुरतं गणित सोडवायची, शेजारच्या डब्यांशी जुळवून घ्यायची, आणि सगळ्या मिळून अख्ख्या शहराचं वेळापत्रक लावायच्या. कुणी कुणासाठी ताटकळायचं नाही, एवढाच हिशेब. त्यामुळे गिरणीत दळणाला नंबर नव्हता, दवाखान्यात बाकं नव्हती आणि जिन्यात माणूस नव्हता.

भिंतीपलीकडच्या शेंबेकरांचा फक्त खोकला मालिनीबाईंच्या ओळखीचा होता. परवापासून तोही ऐकू आला नव्हता.

"एक अट घाल," त्या डबीला म्हणाल्या. "मला लिफ्टमध्ये शेंबेकर भेटायला हवेत. माझा वेळ गेला तरी चालेल."

"अशी अट दोन्ही घरांकडून यावी लागते."

"मग विचार त्यांना."

"त्यांची रोज यायची. तुमची कधी आली नाही."

मालिनीबाईंनी घाईघाईने चपला घातल्या. "आता आली ना? मग भेटव!"

"त्या घराची परवापासून कसलीच मागणी नाही," डबी म्हणाली. "त्यामुळे यापुढे तुम्हाला लिफ्ट आणखी लवकर मिळेल."