एक मोठी रेघ, दोन बारक्या

"बाई, ह्याच्यात बारा कुठं हाय?"

छबूबाईंनी कनवटीचं पुडकं सोडलं आणि इंजेक्शनची सिरींज थेट टेबलावर ठेवली. वर्गात एकच कल्ला झाला. सुई बघून दोन पोरं बाकाखाली घुसली.

वृषालीबाई बारामतीहून रोज स्कुटीवर कळंबच्या पुढं माळवस्तीवर यायच्या. एक खोली, अठरा पोरं, आणि आता ही आजी.

"आजी, साखर आहे का तुम्हांला?"

छबूबाईंनी तिसऱ्या बाकावरच्या नातीकडं, छकुलीकडं, एकदा बघितलं. "व्हय," त्या म्हणाल्या. "सकाळचं विंजेक्शन सून देती. पर पैल्या तारखेपासनं ती कंपनीत जाणार, यायला रातचे आठ. संध्याकाळचं माझ्यावर आलंय. डॉक्टर म्हणला, बाराच्या जागी एकवीस गेलं तर माणूस हाताला लागायचं न्हाय."

"मग छकुलीकडून भरून घ्या की. दुसरीत आहे, आकडे येतात तिला."

"न्हाय बाई. लेकरावर न्हाय टाकायचं ते."

झालं. दुसऱ्या दिवसापासून जेवणाची सुट्टी संपली की छबूबाई हजर. गुडघे धरत पोरांच्यात बसायच्या.

बाईंनी काड्या काढल्या. दहा काड्यांना रबर लावला की गठ्ठा, म्हणजे दशक. उरलेल्या सुट्या काड्या, म्हणजे एकक. एकवीस म्हणताना तोंडात एक आधी येतो, म्हणून पोरं एक आधी लिहितात आणि त्याचे बारा करून ठेवतात. छबूबाईही तेच करायच्या. बारा मांडा म्हटलं की दोन गठ्ठे आणि एक काडी. पोरं खिदळायची. छबूबाई मात्र हसायच्या नाहीत. घाबऱ्याघुबऱ्या होऊन पुन्हा मांडायच्या.

चौथ्या दिवशी बाईंनी सिरींज उजेडात धरली. "आजी, ही मोठी रेघ म्हणजे गठ्ठा. ही बारकी म्हणजे सुटी काडी."

"अगं बया! येवढंच व्हय? मंजी बारा म्हटलं की एक मोठी, दोन बारक्या."

"आता एकवीसमधून नऊ काढा बघू."

सुटी काडी एकच. छबूबाईंनी ती उचलली, परत खाली ठेवली. मग त्यांनी एका गठ्ठ्याचा रबर ओढून काढला, नऊ काड्या मोजून बाजूला सारल्या. उरला एक गठ्ठा, दोन काड्या. पोरांनी टाळ्या वाजवल्या. खिचडी शिजवणाऱ्या द्वारकाबाईंनी कौतुकानं चहा आणून दिला, चांगला गोडमिट्ट. छबूबाईंनी तो एका दमात संपवला.

"आजी, साखर ना तुम्हांला?"

"घोटभर च्याला काय हुतंय," म्हणत त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

बाईंना आजीचा अभिमान वाटायला लागला होता. नातीचा मात्र वैताग. छकुली सारखी पाणी पिणार, सारखं "बाई, शूला जाऊ?" विचारणार, नाहीतर बाकावर मान टाकणार. वर खिशात गूळ. त्यापायी बाकाखाली मुंग्यांची रांग. दोनदा सांगून झालं होतं.

मंगळवारी सकाळी तिचा हात पुन्हा खिशात गेला. बाईंनी गुळाचा खडा काढून घेतला आणि ड्रॉवरमध्ये टाकला. "सुट्टीत मिळेल. आता सांग, बारातून दोन गेले, किती?"

छकुली ड्रॉवरकडं बघत राहिली. कपाळावर घाम आला होता.

"म्हातारी आजी शिकते, आणि तुला येत नाही? लाज वाटू दे जरा!"

छकुलीनं दप्तरावर डोकं टेकवलं. झोपू दे, म्हणून बाईंनी रागानं तिचा नाद सोडला. सुट्टीत उठेचना, तेव्हा द्वारकाबाईंनी तिला खांद्यावर टाकून घरी पोचवलं.

त्या दिवशी छबूबाई आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी आजीही नाही, नातही नाही.

"घराला कुलूप हाय," द्वारकाबाई म्हणाल्या. "सगळी इंदापूरला दवाखान्यात. साखरेचं कायतरी झालं म्हणत्यात."

बाईंना लगेच आठवलं: बाराच्या जागी एकवीस. म्हातारीनं रेघ चुकवली असणार, आणि रेघ शिकवली कुणी? आपण. पुढचे तीन दिवस त्यांनी काड्यांना हात लावला नाही. म्हातारीला काही झालं तर आयुष्यभर गणित शिकवायचं कोणत्या तोंडानं?

शनिवारी संध्याकाळी त्या वस्तीच्या टोकाच्या घरी गेल्या. कुलूप नव्हतं. ओट्यावर छबूबाई बसल्या होत्या. जित्याजागत्या.

"आजी! घाबरवलंत हो मला." बाईंना रडूच फुटलं.

"आत या बाई. भरायचीच येळ झाली."

छबूबाईंनी बाटली उलटी धरली. सिरींज डोळ्यांजवळ नेऊन दट्ट्या सावकाश ओढला. एक मोठी रेघ. दोन बारक्या. अगदी बरोबर.

"मग चुकलं कुठं, आजी?"

"सुई न्हाय चुकली, बाई. साखर खाली उतरली. गरगरलं, घाम आला, की गूळ तोंडात टाकायचा असतोय. त्या दिवशी गूळच न्हवता जवळ."

"अहो, ठेवायचा ना मग जवळ! एवढं कसं कळत नाही?" बाई जवळजवळ ओरडल्याच.

सून विजयमाला मधल्या दारातून आली आणि तिनं बाहेरचं दार लावून घेतलं.

"बाई, कुठं बोलू नका," ती हळूच म्हणाली. "पोरीची जात हाय. लोकांना कळलं तर उद्या लगीन जमायचं न्हाय. म्हणून आत्यांनी सगळं सोताच्या नावावर घेतलंय."

"छकुले, ये," छबूबाईंनी हाक मारली.

आतून छकुली आली. सवयीनं तिनं फ्रॉक वर केला. पोटावर सुईचे बारीक काळे ठिपके होते. सुई आत गेली तेव्हा ती हललीसुद्धा नाही. ती बाईंकडं बघत होती.

"बाई," तिनं विचारलं, "आता गूळ खिशात ठेवू का?"