कुठलंही सिम चालेल

"सिममध्ये काही प्रॉब्लेम नाही सर. तुमचा टॅबच लॉक आहे," काउंटरपलीकडून प्रेम म्हणाला. "अमेरिकेत ज्या कंपनीकडून घेतलात, तिचंच सिम घेणार हा. आपल्याकडचं कुठलंच नाही चालायचं."

कोपरीतल्या त्या मोबाइलच्या दुकानात रत्नदीप टॅब हातात घेऊन उभाच राहिला. दोन वर्षांपूर्वी त्याने तो एका मित्राबरोबर आईला पाठवला होता. आजीला नातीचं तोंड दिसावं म्हणून. नंतर आई फोनवर म्हणाली होती, "चालत नाही रे तो इथं." तो "बघतो" म्हणाला आणि कामाच्या रगाड्यात विसरून गेला. टॅब कपाटात साड्यांखाली पडून राहिला. मायलेक आईच्या बटणांच्या फोनवर, नुसत्या आवाजावर भागवत राहिले.

"तुम्ही नाही का खोलून देणार?"

"देतात काही लोक करून. पण उद्या बंदच पडला तर? त्यापेक्षा कंपनीला सांगा ना. लॉक त्यांनी घातलंय, तेच काढतील."

तो घरी आला तेव्हा आई, शांताबाई, चहाची नवी पुडी दाताने फोडत होत्या. घरात फिनेलचा वास होता. तो येणार म्हणून आईने कोपरान् कोपरा घासून काढला होता. साखरेचा डबा मात्र तिला तीनदा शोधूनही सापडेना. वय झालं, रत्नदीपला वाटलं.

समोरची अमृता तेवढ्यात दारात आली. "काकू, आलात पण! मला वाटलं..." तिची नजर रत्नदीपवर गेली. "अरे, दादा! तुम्ही कधी आलात?"

"साखर दे गं वाटीभर," शांताबाई घाईने म्हणाल्या.

चहा पिताना त्याने दुकानातलं सगळं सांगितलं.

"मग राहू दे," त्या म्हणाल्या. "तुझा आवाज ऐकला की माझं पोट भरतं. तोंड बघून काय करायचंय म्हातारीचं?"

"आई, प्रीती विचारते मला, आजी आता कशी दिसते म्हणून. मी तिला बाबा असतानाचा फोटो दाखवतो. दुसरा आहेच कुठे माझ्याकडे?"

"मग आत्ता काढ की फोटो. हवे तेवढे काढ."

"फोटो नको. रोज संध्याकाळी तू तिला दिसली पाहिजेस. घरात वायफाय लावून देतो म्हटलं तर नको म्हणालीस. हेही नको?"

शांताबाई कपबशा उचलून मोरीत गेल्या. नळ बराच वेळ वाहत राहिला.

त्याने कंपनीला कळवलं. कंपनीने नकार दिला, कारण खातं त्याच्या बायकोच्या नावावर होतं. मग रचनाने तिकडून विनंती टाकली. "एवढंच होतं?" ती फोनवर म्हणाली. "मग इतके दिवस का नाही सांगितलंस?"

बाबा गेल्यावर आई एकटी पडली, हे त्याला माहीत होतं. दर रविवारी फोन करून तो विचारायचा, "जेवलीस का? औषधं घेतेस ना?" ती हो म्हणायची, की त्याचा आठवडा हलका जायचा. विहारात भेटणाऱ्या मैत्रिणीच्या, शेवंतीच्या गमती ती सांगायची. शेवंतीचे गुडघे, शेवंतीचं घोरणं. तो हसायचा आणि फोन ठेवायचा. एक विनंती टाकायला त्याला दोन वर्षं सवड झाली नव्हती.

परतीच्या आदल्या दिवशी मंजुरी आली. टॅब बंद करून सुरू केला तर पडद्यावर लिहून आलं, लॉक निघालं आहे. लहान पोरासारखा तो ओरडला, "आई, झालं! आता कुठलंही सिम चालेल!"

"चांगलं झालं," शांताबाई म्हणाल्या. साडीच्या पदराचं टोक त्या बोटाला गुंडाळत होत्या.

"तुझा फोन दे. हेच सिम यात घालू."

"माझं नको रे. दुसरं घे."

"दोन नंबर कशाला सांभाळायचे? दे."

त्यांनी फोन पुढे केला, पण हातातून चटकन सोडला नाही. त्याला हसू आलं. म्हाताऱ्या माणसांचा जीव कशात अडकेल सांगता येत नाही.

प्रेमने सिम टॅबच्या मापाचं कापून दिलं. रत्नदीप परत आला तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं. शांताबाई अमृताकडे गेल्या होत्या. त्याने टॅब पलंगावर ठेवून सगळं जोडून घेतलं. सिममधली नावं एकेक करून पडद्यावर उतरली. मोजकीच होती: रतन, अमृता, दवाखाना, शेवंती.

आई येईस्तोवर नीट चालतंय का ते बघून घ्यावं. आल्या आल्या तिच्यासमोर मैत्रिणीचा चेहराच धरावा. किती खूश होईल! या एका आनंदाने दोन वर्षं भरून निघणार नव्हती, पण कुठून तरी सुरुवात करायला हवी होती. त्याने शेवंतीच्या नावावर बोट ठेवून व्हिडिओ कॉल लावला.

पलीकडे लगेच उचलला गेला. आधी एक सुरकुतलेला गाल दिसला, मग तो मागे सरकला. त्याच्यामागे एक लांबलचक खोली होती. ओळीने लोखंडी खाटा, सगळ्यांवर एकसारख्या निळ्या चादरी.

"अगं बया, शांताबाई! तुमी व्हिडिओवर?" म्हातारी मोठ्याने म्हणाली. "पर दिसत का नाय? नुसता पंखाच दिसतोय. लेक गेला का विमानात? कळलं नाय ना त्याला काही? मग या की आता खडवलीला, आश्रमात करमत नाय तुमच्याबिगर. नवीन बाई आल्यात, त्यांना तुमची खाट द्यायची म्हणत होते. मी म्हटलं, नाय द्यायची. लेकाला दाखवायला चार दिवस गेल्यात त्या कोपरीला, त्यांचं घर आता हेच हाय."